सफर : दिल्लीला जाऊन टूरची बस गाठताना

चिपळूणच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. दिल्लीहून सुटणारी आग्रा–जयपूर–अजमेर अशी सात दिवसांची बसची टूर त्यांनी डिसेंबरसाठी नोंदवली आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या अम्मी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. भाऊ कुवेतहून थेट दिल्लीला उतरणार आहेत. टूर कंपनीच्या पत्रकात सगळ्यात खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. प्रवाशांनी करोल बागेतल्या हॉटेलवर स्वखर्चाने पोहोचावे. बस दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आग्र्याकडे निघेल, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही व पैसे परत मिळणार नाहीत. भगिनी विचारतात, “आम्ही किती आधी निघावे? आणि बस चुकली तर परक्या शहरात अम्मींना घेऊन मी कुठे जाऊ?”

अशी पत्रे दर हिवाळ्यात येतात. टूर कुठे कुठे नेते, जेवण कसे असते याची चौकशी लोक भरपूर करतात. बसपर्यंत आपण कसे पोहोचणार, हा प्रश्न मात्र निघायच्या आठवड्यात सुचतो. म्हणून या वेळी सबंध पान त्यालाच देत आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. महाराष्ट्रातल्या टूर कंपन्या याला ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ म्हणतात. म्हणजे मुंबई किंवा पुण्याहून ग्रुपसोबत विमानाने न जाता तुम्ही आपल्या तिकिटाने दिल्ली गाठायची आणि परतायचेही आपल्याच तिकिटाने. टूरचा दर तेवढा कमी पडतो. पण त्या कमी दराची दुसरी बाजू अशी, की घरापासून हॉटेलच्या दारापर्यंतची सगळी जबाबदारी तुमची. ग्रुपच्या विमानाला घ्यायला कंपनीची बस विमानतळावर जाते. तुमच्या गाडीला घ्यायला स्टेशनवर कोणी येत नाही. काही कंपन्या जादा पैसे घेऊन गाडी पाठवतात. ते पैसे किती, गाडी कुठल्या स्टेशनला येते आणि आपली गाडी उशिरा आली तर ड्रायव्हर किती वेळ थांबतो, हे तिन्ही लेखी घ्यावे. साधा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर पुरे. फोनवरचे “या हो, बघू” धरून चालू नये.

आता किती आधी पोहोचायचे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचलात तर चालेल. डिसेंबर आणि जानेवारीत मात्र एक संपूर्ण दिवस आणखी हाताशी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कारण धुके. या दोन महिन्यांत उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यात पहाटे असे धुके पडते की समोरचा सिग्नल दिसत नाही. गाड्या पाच-सहा तास, कधी त्याहून जास्त उशिरा धावतात. विमानेही सुटत नाहीत, किंवा दिल्लीऐवजी जयपूरला उतरवतात. दुपारी एकला पोहोचणारी गाडी रात्री आठला आली तरी सकाळची बस मिळते. सकाळी सहाला पोहोचणारी गाडी धरून त्याच दिवशी सातची बस गाठू म्हणणे हे मात्र हिवाळ्यात नुसते नशिबावर टाकणे आहे. एका रात्रीची खोली महाग वाटते खरी. पण समोर तीन माणसांच्या टूरचे पैसे आणि एका वृद्ध बाईची वर्षानुवर्षांची इच्छा आहे, हे लक्षात घेऊन हिशेब करावा. कंपनीलाच सांगितले तर त्याच हॉटेलात ‘एक्स्ट्रा नाइट’ मिळते आणि सामान पुन्हा हलवावे लागत नाही.

तिकिटाकडे येऊ. टूर पाच-सहा महिने आधी नोंदवता येते, रेल्वेचे आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडते. तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावा आणि सकाळी आठला तिकीट काढावे. आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून घेतलेले असावे. २०२५ पासून तात्कालसाठी ते सक्तीचेच झाले आहे. तात्काल आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी दहाला आणि स्लीपरचे अकराला. पण टूरचे पैसे भरून झाल्यावर तात्कालच्या भरवशावर राहू नये. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आता आरक्षित डब्यात बसू देत नाहीत.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांना तो मिळतो, आणि एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसे असली तरच. इथे घरोघरी गडबड होते. सोय म्हणून सगळ्यांची नावे एका तिकिटावर घालतात, आणि अम्मींना मधला बर्थ येतो. अम्मी आणि पंचेचाळिशी ओलांडलेली लेक यांचे तिकीट वेगळे काढावे, तरुण मंडळींचे वेगळे.

कोणत्या भागातून कोणती गाडी, हे थोडक्यात सांगतो. मुंबईहून तीन राजधानी आहेत. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटणारी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला जाते. तिच्या मागोमाग सुटणारी ऑगस्ट क्रांती हजरत निजामुद्दीनला जाते. आणि सीएसएमटीहून दुपारी चारला सुटणारी कल्याण, नाशिक रोड, जळगाव, भोपाळ करत हजरत निजामुद्दीनलाच. सांगली-साताऱ्याकडच्यांना वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस आहे, ती मिरज, पुणे, मनमाड करत जाते. पुण्याहून झेलम एक्सप्रेसही आहे; ती दुसऱ्या दिवशी रात्री नवी दिल्लीला पोहोचते, म्हणून तिने जाणाऱ्यांनी आणखी एक दिवस आधी निघावे. सोलापूर, दौंडकडच्यांना कर्नाटक एक्सप्रेस. मराठवाड्यातल्या वाचकांना नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, औरंगाबादहून थेट नवी दिल्लीला नेते, दुसऱ्या दिवशी दुपारी.

कोकणासाठी मंगला एक्सप्रेस आहे, रत्नागिरी-पनवेल-नाशिक करत हजरत निजामुद्दीनला जाणारी. जून ते ऑक्टोबरमध्ये कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते आणि सगळ्या वेळा बदलतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मात्र मी दुसरा मार्ग सुचवेन. रात्रीच्या कोकणकन्येने सकाळी सीएसएमटीला यावे, दिवसा तिथल्या प्रतीक्षालयात किंवा मुंबईतल्या नातेवाइकांकडे विसावा घ्यावा आणि दुपारी चारची राजधानी धरावी. प्रवास एक रात्र वाढतो. पण दोन्ही गाड्या एकाच स्टेशनवरच्या आहेत. दादरला उतरून, सामान आणि दुखरे गुडघे घेऊन लोकलने मुंबई सेंट्रलला जाण्यात जो जीव जातो, तो वाचतो.

आणि सीएसएमटीच्या राजधानीचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे पुढे वळतो.

दिल्लीत एकापेक्षा जास्त मोठी स्टेशने आहेत आणि चुकामुकीचे पहिले कारण तेच. नवी दिल्ली वेगळे, जुनी दिल्ली म्हणजे दिल्ली जंक्शन वेगळे, हजरत निजामुद्दीन वेगळे, आनंद विहार तर यमुनेपलीकडे. एकमेकांना “मी दिल्ली स्टेशनवर उतरतो” असे सांगण्यात अर्थ नाही. तिकिटावरचा कोड पाहावा: एनडीएलएस म्हणजे नवी दिल्ली, डीएलआय म्हणजे जुनी दिल्ली, एनझेडएम म्हणजे हजरत निजामुद्दीन.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडे आहेत. एक नंबरच्या फलाटाकडे पहाडगंज, सोळा नंबरकडे अजमेरी गेट. मधल्या सोळा फलाटांवरून पूल ओलांडायचे. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे. पिवळी लाइनही आणि विमानतळाची एक्सप्रेस लाइनही. करोल बागेला जायला टॅक्सी किंवा ऑटो केली तर चार-पाच किलोमीटर. रेल्वे स्टेशनांवर दिल्ली पोलिसांचे प्रीपेड ऑटो-टॅक्सीचे बूथ असतात, तिथे पावती घेऊन बसावे. ती पावती पोहोचेपर्यंत ड्रायव्हरच्या हाती देऊ नये, पोहोचल्यावर द्यावी. पहाडगंजच्या बाजूला काही लोक घोळक्याने उभे असतात. “तुमचे तिकीट रद्द झाले”, “त्या हॉटेलात आग लागली, बंद आहे”, “सरकारी टूरिस्ट ऑफिसात चला, दुसरी गाडी लावून देतो” असे ते अगदी सभ्यपणे सांगतात. हा तिथला जुना धंदा आहे. हॉटेल चालू आहे की नाही, हे सांगायला टूर मॅनेजरचा फोन आहे. बाकी कोणाचे ऐकण्याची गरज नाही.

हजरत निजामुद्दीन त्या मानाने आटोपशीर. तिथेही दोन बाजू आहेत: एक वस्तीकडची, दुसरी सराय काले खानकडची. सराय काले खानकडे बस अड्डा आहे आणि गुलाबी लाइनची मेट्रोही. करोल बाग इथून लांब पडते, दहा किलोमीटरच्या वर. सामान आणि वृद्ध माणूस सोबत असेल तर मेट्रोच्या भानगडीत न पडता सरळ टॅक्सी करावी. ज्यांच्याकडे एकच बॅग आहे त्यांच्यासाठी मेट्रोसारखे साधन नाही. एकट्या बहिणींनी लक्षात ठेवावे की गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो.

स्टेशनवर चालणे जमत नसेल तर व्हीलचेअर मिळते, स्टेशन मास्तरच्या कार्यालयात मागावी लागते. नवी दिल्लीला बॅटरीची गाडीही असते. हमाल करताना दर आधी ठरवावा, आणि “बाहेर टॅक्सीपर्यंत” असे ठरवावे, नाहीतर तो पुलाच्या पायथ्याशी सामान टेकवून हिशेब मागतो. रेल्वेची मदत १३९ वर, आणि संकटात ११२.

सकाळी लवकर पोहोचलात तर आणखी एक अडचण येते. हॉटेलची खोली साधारण दुपारी बारा किंवा दोनला मिळते. सहाला जाऊन उभे राहिलात तर ‘अर्ली चेक-इन’चे पैसे मागतात, किंवा लॉबीत बसवतात. हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर स्टेशनच्या प्रतीक्षालयात हातपाय धुऊन, चहा घेऊन निघावे. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचे असेल तर बॅगेला कुलूप हवे, उघडी बॅग घेत नाहीत.

विमानाने येणाऱ्यांसाठी. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाला तीन टर्मिनल आहेत. दोन आणि तीन शेजारी-शेजारी, एक मात्र बरेच दूर, वेगळ्या मेट्रो लाइनवर. आता हिंडनलाही विमाने उतरतात. ते गाझियाबादला आहे, तिकीट स्वस्त दिसले तरी करोल बाग तिथून दूर. मुंबईतही आता सांताक्रूझ, सहार आणि नवी मुंबई असे तीन पत्ते झाले आहेत, तेव्हा तिकिटावर शहराचे नाव वाचून थांबू नये, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचावे. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवावी.

कुवेत, दुबई, दोह्याहून येणारे टर्मिनल तीनवर उतरतात. विमान टेकल्यापासून इमिग्रेशन, बॅगा, कस्टम होऊन बाहेर यायला दीड-दोन तास धरावेत. तिथून एक्सप्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला नेते, पण ती रात्रभर चालत नाही, आणि आखाती विमाने बरीचशी अपरात्री येतात. त्यात आखातातल्या आपल्या मंडळींची एक खास अडचण: भारतातले सिम कार्ड महिनोनमहिने बंद पडलेले. टॅक्सीच्या अॅपला ओटीपी लागतो, तो येत नाही. म्हणून प्रीपेड टॅक्सीचा काउंटर बरा, आणि हॉटेलचे नाव-पत्ता-फोन कागदावर लिहून खिशात असावा. कागदावर का, तर फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. करोल बागेत हॉटेलांची गर्दी आहे, नावेही एकासारखी एक. ‘पॅलेस’, ‘ग्रँड’, ‘इंटरनॅशनल’ एवढ्यावर टॅक्सीवाला कुठेही सोडेल. रस्त्याचे नाव, ब्लॉक आणि जवळचे मेट्रो स्टेशन हवेच.

घरचे लोक वेगवेगळ्या दिशांनी येत असतील तर भेटायची जागा हॉटेलच ठेवावी. “मी तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येतो” हा प्रेमाचा आग्रह असतो, पण एकाचे विमान लांबले आणि दुसऱ्याची गाडी वेळेवर आली की थंडीत अम्मी बाकावर बसून राहतात.

आता बसची सकाळ. मोठी बस बहुधा हॉटेलच्या दारात येत नाही. करोल बागेच्या गल्ल्यांत ती वळतच नाही, आणि मुख्य रस्त्यावरही पोलीस फार वेळ उभी राहू देत नाहीत. ड्रायव्हर घाई करतो त्याचे कारण हे आहे. म्हणून सातची बस म्हणजे साडेसहाला सामान लॉबीत, आणि बस कुठे उभी राहणार हे रात्रीच मॅनेजरला विचारून ठेवलेले. डिसेंबरात दिल्लीला सूर्य सातच्या पुढेच उगवतो. फजरची नमाज खोलीत आरामात होते, पण त्यासाठी उठण्याची वेळ मागे न्यावी लागते, कारण गरम पाणी, चहा आणि लिफ्ट या तिन्हींसाठी त्या वेळी चाळीस माणसे रांगेत असतात. थंडीत प्रदूषण वाढले की दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येते. अशा दिवसांत बस बदलणे किंवा सुटण्याची जागा बदलणे शक्य असते. ग्रुपवरचे निरोप झोपण्यापूर्वी एकदा वाचावेत.

मोठी बॅग डिकीत जाते आणि मुक्कामापर्यंत ती उघडत नाहीत. औषधे, चष्मा, शाल, जानमाज, सुका खाऊ, ओळखपत्रे हे सगळे हातातल्या पिशवीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. बॅगेवर नाव आणि मोबाइल नंबर लिहावा; एका रंगाच्या पाच बॅगा प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. बसची पहिली पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्यांना तीच भारी जाते. प्लॅस्टिकचे घडीचे स्टूल बाजारात मिळते, ते डिकीच्या तोंडाशी ठेवायला सांगावे. ड्रायव्हर-क्लीनर आनंदाने लावून देतात.

पुढच्या सीटचा प्रश्न जरा नाजूक आहे. बहुतेक कंपन्या रोज सीट फिरवतात, आज पुढे तर उद्या मागे, म्हणजे कोणाची तक्रार नको. वृद्धांना कायम पुढची जागा हवी असेल तर ते नोंदणीच्या वेळीच लेखी मागावे. बसमध्ये चढून मागितले तर मॅनेजरने हो म्हटले तरी मागचा प्रवासी कुरकुरतो, आणि सात दिवस एकत्र काढायचे असतात. या बसमध्ये स्वच्छतागृह नसते. दोन-अडीच तासांनी थांबा होतो. मधुमेह किंवा तसा त्रास असेल तर मॅनेजरच्या कानावर पहिल्याच दिवशी घालावे, लाजू नये. जेवणात मांसाहार कुठला असतो आणि तो हलाल असतो का, हेही नोंदणीच्या वेळीच विचारावे. शंका असेल तर शाकाहारी नोंद करणे सोपे. नमाजसाठी बस वेगळी थांबेल अशी अपेक्षा मिश्र ग्रुपमध्ये ठेवू नये. दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर पंधरा मिनिटे आधी उठलात तर जुहर होते. मॅनेजरला सांगितले तर तो जागाही दाखवतो, असा अनुभव आहे.

भगिनींचा दुसरा प्रश्न : बस चुकलीच तर?

पहिले काम मॅनेजरला फोन. “आम्ही येतोय, पाच मिनिटे” असे नव्हे. गाडी नेमकी कुठे आहे आणि किती उशीर आहे ते खरे सांगावे, म्हणजे तो निर्णय घेऊ शकतो. दिल्लीहून आग्रा यमुना एक्सप्रेसवेने चारेक तासांचा रस्ता आहे. म्हणजे बस सातला निघाली तर दुपारच्या आधी पोहोचेल, आणि ग्रुप त्या दिवशी तिथेच राहणार. तेव्हा दिल्लीत बसच्या मागे धावण्याऐवजी आग्र्यात ग्रुपला गाठायचे. हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठनंतर गतिमान एक्सप्रेस सुटते आणि पावणेदोन तासांच्या आत आग्रा कॅन्टला पोहोचते. ती शुक्रवारी नसते. त्याशिवायही दिल्लीहून आग्र्याला दिवसभर गाड्या आहेत. परक्या शहरात रडत बसायची वेळ यातून येत नाही, फक्त जादा तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले हवेत.

आणि आता मघाशी राहिलेला मुद्दा. महाराष्ट्रातून मध्य रेल्वेने दिल्लीला जाणाऱ्या गाड्या आग्र्यावरूनच जातात. आग्रा आधी येते, दिल्ली नंतर. सीएसएमटीची राजधानी, गोवा एक्सप्रेस, मंगला, सचखंड, झेलम, कर्नाटक या सगळ्या आग्रा कॅन्टला थांबतात. गाडी धुक्यात रखडली आणि बस चुकणार हे रात्रीच दिसू लागले, तर दिल्लीपर्यंत जायचेच कशाला? आग्र्याला उतरावे, मॅनेजरला कळवावे आणि तिथल्या हॉटेलात ग्रुपची वाट पाहावी. तिकीट दिल्लीपर्यंतचे असले तरी आधी उतरायला कोणी अडवत नाही. मुंबई सेंट्रलच्या राजधानीला ही सोय नाही, ती कोटा-मथुऱ्याकडून जाते. भगिनींना मी सीएसएमटीची गाडी सुचवली त्यामागे हेही कारण होते. टूर नोंदवताना कंपनीला विचारून ठेवावे की गरज पडल्यास आग्र्यात जॉइन होऊ देणार का. बहुतेक हो म्हणतात. दिल्लीतल्या रात्रीचे पैसे परत देत नाहीत, एवढेच.

तुमच्या स्टेशनवरच गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिराने येणार असेल आणि जायचे रद्द केलेत, तर तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी गाडी सुटण्याआधी टीडीआर भरावा लागतो. टूरचे पैसे त्यात येत नाहीत, हे उघड आहे.

पत्रक हाती आले की वार तपासावेत. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. त्या दिवशी दुपारी तिथल्या मशिदीत नमाज होते, पण २०१८ पासून ती फक्त आग्र्याच्या रहिवाशांसाठी. ओळखपत्र पाहून सोडतात. आपल्याकडचे काही लोक मुद्दाम जुम्मा गाठून जातात आणि दारातून परततात. लाल किल्ला सोमवारी बंद. टूरचा आग्र्याचा दिवस शुक्रवारी येत असेल तर कंपनीला आत्ताच विचारा, तिथे गेल्यावर नव्हे.

बस दारापर्यंत नेते, ही समजूतही सोडून द्यावी. ताजच्या पाचशे मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलची वाहने जाऊ देत नाहीत. बस शिल्पग्रामच्या पार्किंगला थांबते, तिथून बॅटरीच्या गाडीने किंवा पायी. भारतीयांना तिकीट ५० रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचे तर आणखी २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. तिकीट टूरमध्ये धरलेले आहे का, तेही पाहावे. फतेहपूर सिक्रीलाही बस लांब थांबते आणि पुढे शटल. दिल्लीची जामा मशीद बसने होत नाही, लाल किल्ल्यापासून ई-रिक्षा करावी लागते, किंवा जामा मशीद नावाचेच मेट्रो स्टेशन आहे. अजमेरला दर्ग्याभोवतीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठी बस जवळपास फिरकत नाही, ऑटोने दर्गा बाजारापर्यंत जायचे आणि पुढे चालायचे. रजब महिन्याच्या पहिल्या सहा दिवसांत तिथे उरूस असतो. त्या तारखांना टूर येत असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाऊ नये, महिनाभर पुढे ढकलावे. प्रत्येक ठिकाणी किती चालावे लागेल हे मॅनेजरला आदल्या रात्री विचारले की अम्मींना उतरवायचे की बसजवळ बसवायचे, हे शांतपणे ठरवता येते.

राहिले परतीचे तिकीट. टूर कुठे संपते ते नीट वाचावे. काही टूर फिरून दिल्लीलाच येतात, काही जयपूर किंवा अजमेरला सोडतात. अजमेरहून मुंबईकडे थेट गाड्या आहेत, आणि आठवड्यातून दोनदा सुटणारी अजमेर–म्हैसूर एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव करत जाते. सांगली-कोल्हापूरकडच्यांना ती उत्तम. अजमेर–जयपूर अंतर १३५ किलोमीटर आहे, तेव्हा जयपूरहून विमान असेल तर त्याच सकाळी अजमेरहून निघून ते गाठायचा हट्ट नको. टूर दिल्लीला संध्याकाळी संपत असेल तर त्याच रात्रीची गाडी धरू नये, जयपूरकडून येणारा रस्ता गुरुग्रामजवळ तासन्‌तास तुंबतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची गाडी घ्यावी. खोली मात्र सकाळी सोडावी लागते. सामान हॉटेलच्या लॉबीत ठेवू देतात का, ते विचारून ठेवावे.